येळ अमावस्येचं सारण

"यंदा सारण श्रावणी करंल," गंगम्मा म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबिरीच्या जुडीत मान घालून बसल्या.

धनलक्ष्मी शेजारीच भाजलेले शेंगदाणे चोळून सुपात पाखडत होती. तिचा हात थांबला नाही, पण टरफलांबरोबर मूठभर दाणेही फरशीवर उडाले.

"कुठलं सारण, अव्वा?" तिनं विचारलं. खरं तर तिला नीट ऐकू आलं होतं.

"कुठलं म्हंजे? वांग्याचं. उद्या येळ अमावस्या हाय, दुसरं कुठलं सारण करतो आपण?"

बाळीवेशीतल्या बिराजदारांच्या घरात गेल्या काही वर्षांत बरंच काही बदललं होतं. गंगम्मांचे यजमान भीमाशंकरअण्णा गेले, पेठेतलं दुकान थोरल्या महेश्वरनं, म्हणजे धनलक्ष्मीच्या नवऱ्यानं, सांभाळलं, धाकटा विरेश पुण्याला नोकरीला गेला आणि तिथल्या एका शाळामास्तरांच्या मुलीशी, श्रावणीशी, लग्न करून आला. पण येळ अमावस्येला वळसंगच्या शेतावर जायचं आणि पंगतीला भरली वांगी वाढायची, यात कधी खंड पडला नव्हता. त्या वांग्यांतलं सारण म्हणजे गंगम्मांचा हात. शेंगदाणे, तीळ, कारळ, सुकं खोबरं, हिरव्या लसणाची पात, तेलात परतलेली कोथिंबीर, चिंच, गूळ. जिन्नस सगळ्यांना माहीत होते, चव मात्र एकटीची होती. शिवारातली माणसं त्या वांग्यांसाठी वाट वाकडी करून यायची.

धनलक्ष्मी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे सारण बघत होती. आधी नुसतं दाणे सोलायचं काम मिळालं. मग तीळ भाजायचं. एका वर्षी गंगम्मांना ताप होता म्हणून तिनं सगळं एकटीनं केलं. कारळ जरा जास्त भाजलं गेलं होतं. गंगम्मांनी उठून चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता अख्खं पातेलं परसातल्या म्हशीपुढं ओतलं. धनलक्ष्मी त्या दिवशी न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून रडली होती. पण त्यानंतर तिच्या हातून कारळ कधी जळलं नाही. अलीकडे गंगम्मांचा खांदा धरायचा, म्हणून कुटायचं, कालवायचं सगळं तिच्याकडेच होतं. गंगम्मा फक्त शेवटी चव घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जमलं." त्या एका शब्दासाठी ती वर्षभर थांबायची.

"ती दोन दिवसांसाठी आलीय, अव्वा," धनलक्ष्मी म्हणाली. "तिला जमंल का?"

"शिकंल की. तू काय पोटातनं शिकून आली होतीस?"

हे गंगम्मा मराठीत बोलल्या. धनलक्ष्मीला तेही टोचलं. तिचं माहेर अक्कलकोटचं; सासू-सुनेचं स्वयंपाकघरातलं बोलणं इतकी वर्षं कानडीत चाललं होतं. या खेपेला श्रावणी आल्यापासून गंगम्मा चुलीपुढं मराठी बोलायला लागल्या होत्या.

संध्याकाळच्या आत मोहोळहून दानेश्वरी आली. गंगम्मांची एकुलती एक लेक. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिला बातमी कळली होती.

"वैनी, तू गप कशी बसलीस गं?" धनलक्ष्मीला तिनं मोरीजवळ गाठलं. "राबायचं तू आणि मान त्या पुण्याच्या पाहुणीला? मी पोटची लेक, मला तर कधी हातसुद्धा लावू दिला न्हाई. म्हणं, तू परक्या घरची. आता ही कुठली घरची?"

"असू दे की, दानी. त्यांचं सारण, त्या कुणालाबी देतील."

"तुझ्या तोंडावर काय लिवलंय ते दिसतंय मला," दानेश्वरी म्हणाली.

०

श्रावणीनं कढई गॅसवर ठेवली तेव्हा तिचे हात थंड पडले होते. लग्नानंतर वर्षभर ही बाई तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. विरेश फोनवर बोलायचा तेव्हा ती शेजारी बसून ऐकायची. गंगम्मा मुलाची, हवेची, पुण्यातल्या पाण्याचीही चौकशी करायच्या, तिची नाही. आणि आज स्वतः हाक मारून म्हणाल्या होत्या, "ये हिकडं. बस माझ्यापशी." हा घरात घेतल्याचा मान आहे, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

दानेश्वरी मघाशी येऊन तिच्याही कानाशी लागली होती. "बरं झालं बाई. वैनीला वाटतंय, तिच्याबिगर या घरात पान हलत न्हाई. जरा उतरू दे तोरा." श्रावणी नुसती हसली होती. पण तिला आतून बरं वाटलं होतं. या घरात काहीही लागलं की सगळे धनलक्ष्मीअक्कांना हाक मारत. पाहुण्यांना चहा, अव्वांच्या गोळ्या, देवघराची किल्ली, विरेशचे लहानपणीचे किस्सेसुद्धा अक्कांकडेच. एक तरी गोष्ट आपल्या हातात यावी असं तिला फार वाटायचं.

शेंगदाणे तयार होते. खोबरं लालसर झालं. तीळ तडतडले तसं गंगम्मा म्हणाल्या, "उतरव." मग काळंभोर कारळ कढईत पडलं.

"ह्याचं कसं कळणार, अव्वा? हे तर आधीच काळं आहे."

"वास येतो. खमंग वास आला की लगेच काढायचं."

श्रावणीनं परतत राहून वास घेतला. कसला वास खमंग आणि कसला पुढचा, तिला समजेना. "आला का, अव्वा?"

गंगम्मा कढईवर वाकल्या. धग त्यांच्या तोंडावर आली. त्या थोडा वेळ तशाच राहिल्या. "हलव अजून," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, "आता बास."

खलबत्त्यात सगळं कुटलं. पात चिरून घातली, कोथिंबीर परतली, चिंच-गूळ घालून हातानं कालवलं. गंगम्मांनी चिमूट जिभेवर ठेवली. श्रावणी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"जमलं," गंगम्मा म्हणाल्या.

श्रावणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून त्यांच्या पाया पडली. स्वतः चाखायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

नेमकी तेव्हाच धनलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली होती. जळक्या कारळाचा वास तिला बाहेरच्या खोलीतच आला होता. पाया पडणारी श्रावणी आणि तिच्या पाठीवर ठेवलेला गंगम्मांचा हात तिनं पाहिला. तो हात तिच्या पाठीवर शेवटचा कधी पडला होता, तिला आठवेना.

"अक्का, बघता का जरा? कसं झालंय?" श्रावणी आनंदानं म्हणाली.

धनलक्ष्मीनं बोटावर सारण घेतलं. दाणे आले, गूळ आला आणि मागून कडवट चव अशी आली की घशापर्यंत गेली. तिनं सासूकडे पाहिलं. गंगम्मा कोथिंबिरीच्या काड्या गोळा करत होत्या. माझ्या वेळेला म्हशीपुढं ओतलं होतंत, धनलक्ष्मीच्या मनात आलं. हिचं पोटात घालताय. इतकी लाडकी झाली?

"अव्वांनी बघितलंय की," ती म्हणाली. "मी आणि काय सांगणार?"

एवढं बोलून ती वांगी धुवायला निघून गेली. अजून कारळ घरात होतं, दाणे होते, सगळं नव्यानं करायला वेळ होता, हे तिला ठाऊक होतं. नळाखाली ती एकेक काटेरी वांगं फिरवत राहिली. उद्या अख्खी पंगत थू-थू करंल, तेव्हा बघू कुणाची पाठ कोण थोपटतंय.

०

वळसंगच्या शेतात ज्वारी छातीला लागत होती. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली, महेश्वरनं रानाला फेरी मारून आंबील शिंपडली आणि बांधावरच्या चिंचेखाली पंगत बसली. शेजारच्या शेताचे शरणप्पा आपल्या माणसांसह आले होते. विरेशचे पुण्याचे मित्र मांडी घालून बसायची खटपट करत होते. बाजरीचे वाफवलेले उंडे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, खीर वाढून झाली. शेवटी श्रावणीनं स्वतः वांगी वाढली, प्रत्येकाच्या पानात, देठ धरून.

गंगम्मा नेहमीसारख्या पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी वांगं मोडून उंड्याबरोबर खाल्लं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या धाकट्या सुनंनं केलंय हं. हात हाय पोरीला."

शरणप्पा खोकले आणि तांब्या तोंडाला लावला. मित्रांपैकी एकानं वांगं हळूच भज्जीखाली सरकवलं. गंगम्मांनी पंगतीवरून नजर फिरवली. प्रत्येक पानात वांगं एकदा मोडून तसंच राहिलं होतं. इतक्या वर्षांत या पंगतीत वांगं उरलं नव्हतं.

"अव्वा, कडू जहर झालंय!" दानेश्वरी म्हणाली. "तुझ्या तोंडाला काय झालंय? कारळ जाळून कोळसा केलाय हिनं."

श्रावणी हातातलं पातेलं घेऊन तिथंच उभी राहिली. विरेशनं घास गिळला आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "पहिल्यांदा केलंय तिनं. एवढं बोलायचं कारण नाही."

"मी काल अक्कांना चाखवलं होतं," श्रावणी हळू आवाजात म्हणाली.

विरेश वळला. "वैनी? तुमाला कळलं नाही? तुमाला?"

धनलक्ष्मीनं हातातली आंबिलीची चरवी खाली ठेवली.

"कळलं असणार," विरेशचा आवाज चढला. "तुमी मुद्दाम गप बसलात. हिची शोभा व्हावी म्हणून."

"विऱ्या, तोंड सांभाळ," महेश्वर पानावरून उठला. "पाहुण्यांसमोर तुझ्या वैनीला बोलतोस? अव्वानं पण चाखलं होतं की काल. आत्ताबी तीच म्हणाली ना, हात हाय पोरीला म्हणून? अव्वाला विचार, तिला कसं कळलं न्हाई!"

ते बोलून महेश्वर थांबला.

धनलक्ष्मीनं सासूकडे पाहिलं. गंगम्मांच्या पानात वांग्याचं नुसतं देठ उरलं होतं. त्यांनी ते पूर्ण खाल्लं होतं, ते जहर. आणि काल त्या जळक्या वासात काड्या गोळा करणाऱ्या अव्वा, गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन करपलं तरी त्याच्याशेजारी जपमाळ ओढत बसलेल्या अव्वा, सगळं तिच्या एकदम लक्षात आलं. तिच्या तोंडून "अव्वा" एवढंच निघालं.

"मला कळत न्हाई," गंगम्मा म्हणाल्या. "वासबी कळत न्हाई, चवबी न्हाई. गणपतीत ताप आला हुता बघा, तवापासनं. माती खाल्ली काय आणि खीर खाल्ली काय, सारखंच."

"मग सांगायचं न्हाई का? डॉक्टरकडं गेलो असतो," महेश्वर म्हणाला.

"येईल आपोआप म्हटलं. न्हाई आलं." गंगम्मांनी श्रावणीकडे पाहिलं. "हिला का दिलं म्हंता? हिला आपल्या सारणाची चव ठावं न्हाई म्हणून दिलं. मी जमलं म्हणलं की हिला जमलं वाटणार. माझं झाकून राहणार."

श्रावणीचा चेहरा पडला. पातेलं खाली ठेवून ती ज्वारीच्या कडेनं चालत पार विहिरीपर्यंत गेली. विरेश तिच्यामागं धावला.

०

पंगत अर्धी राहिली होती. पाहुण्यांना खीर आणि हुरडा देऊन महेश्वरनं विहिरीच्या पलीकडच्या मळ्यात नेलं. धनलक्ष्मी पत्र्याच्या खोलीत शिरली. तिथं घरच्या शेंगांचं पोतं होतं, फळीवर तीळ-कारळाच्या पुड्या, खोबरं, गूळ होतं. तिनं सूपभर शेंगा फोडल्या, चुलीवर तवा ठेवला. दानेश्वरी वांगी तोडून घेऊन आली आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून चिरा देत बसली.

गंगम्मा येऊन चुलीशेजारी पाटावर टेकल्या.

"काल तुला कळलं हुतं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आणि बोलली न्हाईस."

"न्हाई बोलले. मला वाटलं, तुमी तिचं पोटात घालताय. माझं तुमी म्हशीला घातलं हुतं, अव्वा. मी अजून विसरले न्हाई."

गंगम्मांनी मान हलवली. "मीबी विसरले न्हाई. ते सारण एवढं वाईट नव्हतं."

धनलक्ष्मीचा उलथनं धरलेला हात थांबला.

"जरासं करपलं हुतं, एवढंच," गंगम्मा म्हणाल्या. "पण बाकीचं बरोबर आलं हुतं. मी तापात पडून, आणि घरात माझ्याबिगर तसं सारण झालेलं. मला सोसवलं न्हाई गं. आणि आता दसऱ्याला तू कटाची आमटी केलीस. सगळी बोटं चाटत हुती. शेजारची म्हणाली, धनलक्ष्मीचा हात सासूच्या वर गेला. मी वाटीभर प्याले. गरम पाणी नुसतं. तुला सारण दिलं असतं तर तू माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस. तुला पहिल्या चिमटीला कळलं असतं, की म्हातारीचं संपलं. दुसऱ्या कुणालाबी कळलं तरी चालंल, तुला नको, असं वाटायचं."

इतकी वर्षं धनलक्ष्मी या बाईच्या तोंडाकडे बघत आली होती आणि त्या तोंडावर काय चाललंय ते तिला कधी दिसलं नव्हतं. राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तव्यातले दाणे लाल व्हायला लागले होते, ते काढायला हवे होते.

विहिरीकडून श्रावणी परत आली. डोळे सुजले होते. कुणाकडे न बघता तिनं पाण्याच्या पाटाच्या कडेची कोथिंबीर उपटली, लसणाची पात आणली आणि धनलक्ष्मीच्या समोर बसून निवडायला लागली.

"काल मी सांगायला पाहिजे हुतं," धनलक्ष्मी म्हणाली.

"हो," श्रावणी म्हणाली. "सांगायला पाहिजे होतं, अक्का."

तिनं 'असू द्या' म्हटलं नाही. धनलक्ष्मीनंही ते मागितलं नाही. थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या तव्यात तीळ घालून तो श्रावणीपुढं सरकवला आणि कारळाची पुडी उघडून मूठभर आपल्या तव्यात टाकलं. "वाकून घे वास," ती म्हणाली. "आता आला तो कच्चा. थांब. आता... हा. हाच. काढ लवकर."

श्रावणीनं वास घेतला आणि मान डोलावली. गंगम्माही नकळत पुढं वाकल्या आणि मग मागं सरल्या.

पाट्यावर सारण वाटलं गेलं, वांगी भरली गेली. ती तेलात मंद जाळावर शिजली तेव्हा मळ्यातून माणसं आपोआप परत आली. पुन्हा पानं मांडली. शरणप्पांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. पुण्याचे मित्र काही न विचारता दुसरं वांगं वाढून घेत होते. महेश्वर बायकोकडे बघून हसला, विरेश खाली मान घालून खात होता आणि त्याच्या पानात काही उरत नव्हतं.

धनलक्ष्मीनं आपल्या पानातलं वांगं मोडलं. दाणे, तीळ, पात, मागून येणारा कारळाचा खमंगपणा, चिंचेच्या पाठीवर गूळ. आयुष्यात तिच्या हातून असं सारण झालं नव्हतं. गंगम्मांच्या हातूनही झालं होतं का, हे तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. 'जमलं' हा शब्द आता तिचा होता, आणि ज्या एका बाईनं तो म्हणावा म्हणून ती इतकी वर्षं राबली होती, ती बाई शेजारी बसून चव नसलेला घास चावत होती.

"कसं झालंय गं?" गंगम्मांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण घास तोंडात तसाच धरून त्या थांबल्या होत्या. "खरं सांग. माझ्यासारखं आलंय?"

दानेश्वरीनं बोलायला तोंड उघडलं. धनलक्ष्मीनं तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"न्हाई, अव्वा," धनलक्ष्मी म्हणाली. "चिंच जरा जास्त पडली बघा. तुमच्या हाताला जे मोजमाप हुतं, ते मला अजून येत न्हाई."

श्रावणीनं चमकून वर पाहिलं. तिनं आपल्या पानातल्या वांग्याकडे पाहिलं, मग थोरल्या जावेकडे, आणि जेवायला लागली.

गंगम्मांनी घास गिळला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "वाढ अजून एक."